दारापुढची गाडी

लोणावळ्याला राहतो असे सांगितले, की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दोन भाव एकामागोमाग उमटतात. पहिला हेव्याचा आणि दुसरा हिशेबाचा. "अरे वा! म्हणजे रोजच हवापालट!" इथपर्यंत हेवा असतो. "मग येऊ की एखाद्या रविवारी सगळे," इथून हिशेब सुरू होतो. मी "या या, अवश्य या" म्हणतो. फक्त पावसाळ्यातला रविवार असेल तर हळूच विचारतो, "येताय ते ठीक आहे, पण गाडी कुठे लावाल?" माणसाला कुठेही झोपवता येते. माजघरात, ओसरीवर, अगदीच वेळ आली तर शेजाऱ्यांकडे. गाडीला अंथरूण घालता येत नाही.

आमचे घर भुशीच्या रस्त्याला फुटलेल्या एका आळीत आहे. भुशीचे धरण ठाऊक नसलेला मराठी वाचक असेल असे मला वाटत नाही; असलाच तर त्याच्या मेव्हण्याला ते नक्की ठाऊक असेल. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. घाट चढून धापा टाकत वर येणाऱ्या इंजिनांना पाणी पाजायचे, म्हणून रेल्वे कंपनीने पुढे इंद्रायणीवर हा दगडी बांध घातला. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. त्यांना तहान लागत नाही. धरण बिचारे सेवानिवृत्त झाले. सेवानिवृत्तीनंतर माणसे गीतापठणाचे वर्ग काढतात किंवा सोसायटीचे चिटणीस होतात. ह्या धरणाने मात्र भलताच नावलौकिक मिळवला. जुलैत ते भरते, पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते आणि त्या पायऱ्यांवर मुंबई आणि पुणे ही दोन शहरे शेजारी शेजारी बसून कपड्यांनिशी आंघोळ करतात. घरी आंघोळीला पाणी गार आहे म्हणून बायकोवर डाफरणारा माणूस इथे दोन-दोन तास कुडकुडत बसतो आणि वर "काय मजा येतेय!" म्हणतो.

पाण्याचे आमच्याकडे दुर्भिक्ष नाही. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इतका, की आमच्याकडे जुलैत वाळत घातलेला टॉवेल ऑगस्टात काढतात. टाटांनी वलवण, शिरवता असे तलाव बांधून हे पाणी खोपोलीला खाली सोडले, १९१५ साली तिथे वीज होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. म्हणजे आमचे पाणी वीज होऊन मुंबईला जाते आणि दर शनिवारी मुंबई गाड्या होऊन आमच्याकडे येते. पूर्वी अधेमधे घाट होता. तो निम्म्या लोकांना वाटेतच पोट ढवळून परत पाठवायचा. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि तोही आडोसा गेला.

आता रविवारचे वर्णन करतो. सकाळी सातला मी दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडतो तेव्हा आळी मोकळी असते. पिशवी घेऊन वळेपर्यंत फाटकाला एक गाडी टेकलेली असते. आत माणूस नसतो. तो कुठून उतरला आणि कुठे गेला हे मला आजवर दिसलेले नाही. नऊपर्यंत आळीच्या दोन्ही अंगांना गाड्या लागतात आणि मधे जी फट राहते तिच्यातून सायकल जाऊ शकते, पण सायकलवाला बारीक हवा. दहाच्या पुढे माणसे दिसू लागतात. "काका, भुशी किती लांब?" "काका, इथे कपडे बदलायला जागा आहे का?" "काका, बाथरूम?" एकदा एका गृहस्थाने आमच्या अंगणातल्या दोरीवर आपली ओली पँट वाळत घातली आणि जाताना मला सांगून गेला, "जरा लक्ष ठेवा हं, चोऱ्या होतात." मी ठेवले. संध्याकाळी येऊन त्याने ती नेली आणि अजून ओली आहे म्हणून तोंड वाकडे केले.

हे सगळे चालवून घेता येते. खरी गंमत बंदोबस्तातली आहे. पावसाळी शनिवार-रविवारी गर्दी हाताबाहेर गेली की दुपारनंतर भुशीकडे जाणाऱ्या गाड्या चौकात अडवतात. अडवायलाच हव्यात. पण मी भाजी घेऊन परत येताना मलाही अडवतात.

"कुठं निघालात काका?"

"घरी."

"सगळे असंच सांगतात. धरणावर आता बंद आहे."

"मला धरणावर जायचंच नाही. माझं घर आहे इथं."

"गाडीचा नंबर काय? एमएच चौदा. पिंपरी-चिंचवडचे दिसताय."

वाचकहो, इथे आमच्या तालुक्याचे दैव आड येते. मावळातल्या गाड्यांची नोंद पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत होते. त्यामुळे आमच्या गाडीवर जो एमएच चौदा, तोच चिंचवडहून भजी खायला आलेल्या गाडीवर. नंबरावरून रहिवासी कोण आणि पाहुणा कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही, मग पावसात उभ्या असलेल्या हवालदाराला काय येणार? तिकडे उटीचे लोक सुखी. मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून ७ मे २०२४ पासून उटीला आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागू लागला, पण निलगिरी जिल्ह्याचा स्वतःचा टीएन त्रेचाळीस हा नंबर असल्यामुळे तिथल्या माणसाला तो काढावा लागत नाही. तिथे गाडीच बोलते. आमच्याकडे मला पिशवीतून लाइटबिल काढून दाखवावे लागते. शनिवारी कोथिंबीर आणायला जाताना मी लाइटबिल बरोबर नेतो. एकदा गडबडीत नेले ते मागच्या महिन्याचे निघाले आणि "भरलेलं दिसत नाही काका," असेही ऐकून घेतले.

बंदोबस्त कडक का झाला हे मात्र आम्हाला कोणी सांगायला नको. ३० जून २०२४ हा रविवारच होता. धरणाच्या मागच्या ओढ्यात पुण्याहून आलेल्या एका घरातली पाच माणसे वाहून गेली. एक बाई आणि चार लेकरे. वरून लोंढा आला तेव्हा ती एकमेकांना धरून मधल्या खडकावर उभी होती. त्यानंतर जिल्ह्यात मनाई आदेश निघाले, धरणाकडच्या टपऱ्या उठल्या. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, आमच्याच मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. तेव्हापासून जून उजाडला की आळीतल्या बायका रविवारी संध्याकाळी गाड्या मोजतात. आल्या तेवढ्या परत गेल्या की दिवा लावतात.

तरीही आळीत पासाचा विषय निघाला तो ह्यामुळे नव्हे. तो निघाला शेजारच्या आबांच्या सुनेमुळे.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. सुनेला नववा महिना लागलेला. जुलैतला रविवार, दुपारचे तीन, बाहेर मुसळधार. आबांची गाडी फाटकाच्या आत आणि फाटकाला आडवी कोणाची तरी पांढरी गाडी. सुनेला कळा सुरू झाल्या. आबांनी हॉर्न वाजवला. आळीत त्या वेळी सत्तर हॉर्न वाजत होते, त्यात एकाहत्तरावा. आबांचा मुलगा भिजत धरणाच्या दिशेने धावला, दोन फर्लांगांवर त्याला कळले की पायऱ्यांवर पाच हजार माणसे बसलेली आहेत आणि सगळी ओली आहेत, म्हणून परत आला. आबांची बायको तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. आबा पांढऱ्या गाडीच्या टपावर मुठी आपटत होते.

तेवढ्यात टेम्पोतून आलेल्या पोरांचे एक टोळके तिथून चालले होते. नऊ जण. एकाने शर्ट डोक्याला बांधलेला, दोघांच्या तोंडात पिपाण्या, सगळ्यांच्या हातात मक्याची कणसे. त्याच पिपाण्यांनी दुपारभर माझ्या झोपेचे खोबरे केलेले होते, त्यामुळे मी त्यांना ओळखत होतो.

"काय झालं काका?"

"अरे, बाळंतपण आहे आत! आणि ही गाडी!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिले. मग एकेकाने आपापले कणीस माझ्या हातात दिले. नऊ अर्धवट खाल्लेली कणसे छातीशी धरून मी पावसात उभा राहिलो. "गणपती बाप्पा!" असा आवाज आला आणि त्या नऊ जणांनी ती पांढरी गाडी उचलली. ढकलली नाही. उचलली, आणि गटाराच्या काठावर तिरकी नेऊन ठेवली. आबांची गाडी बाहेर आली. पण पुढे आळी तुंबलेली. मग पोरे पुढे धावू लागली, पिपाण्या फुंकत, बॉनेटांवर थापा मारत, "बाजूला घे रे, डिलिव्हरी आहे!" असे ओरडत. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला, पण गाडी पोहोचली. पाचला पाच कमी असताना आबांना नात झाली.

सहा वाजता पांढऱ्या गाडीचा मालक आला. "माझी गाडी कोणी हलवली? ओरखडा पडलाय." आबांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्याने तो खाल्ला. "अभिनंदन," म्हणाला. मग थोडा वेळ थांबून, "पण ओरखडा?"

आठ दिवसांनी आबांच्या ओसरीवर आळीची सभा भरली. आळीत राहणाऱ्यांना पास द्यावेत, पास असलेलीच गाडी आळीत लावू द्यावी, असा अर्ज करायचे ठरत होते. आळीतल्या वकिलांनी तयारी करून आणलेली होती. ते म्हणाले, "हे काही जगावेगळं नाही. अमेरिकेत आर्लिंग्टन म्हणून गाव आहे. तिथं बाहेरचे नोकरदार येऊन वस्तीत गाड्या लावायचे. गावानं रहिवाशांना परवाने दिले. बाहेरचे कोर्टात गेले. १९७७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गावाला तसं करता येतं."

"त्यांच्याकडे धरण होतं?" आबांनी विचारले.

"नाही. कचेऱ्या होत्या."

"मग ते वेगळं. कचेरीत कोण आनंदानं जातो?"

वकिलांनी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली, हा त्यांच्या वकिलीतला मोठाच दोष आहे. कॅलिफोर्नियात समुद्रकिनारा सगळ्यांचा, असा दंडक आहे. १९७६ सालच्या तिथल्या कायद्याखाली एक आयोग बसतो आणि किनाऱ्यालगतच्या गावांनी 'गाड्या फक्त रहिवाशांच्या' अशा पाट्या लावायच्या म्हटल्या की तो मधे पडतो. कारण सरळ आहे. पाण्यात कोणीही उतरा, पण दोन मैलांत गाडी लावायची नाही, असे म्हटले तर समुद्राला कुलूप न लावता तो बंद करता येतो. शिवाय वाहते पाणी आणि समुद्रकिनारा सर्वांचा, हे सहाव्या शतकातल्या जस्टिनियन बादशहाच्या रोमन कायद्यातच लिहिलेले आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या खटल्यात तेच तत्त्व उचलून धरले.

"बादशहाचं घर भुशीच्या रस्त्यावर नव्हतं," आबा म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा उतरला होता.

मग 'रहिवासी' कोण हा प्रश्न निघाला आणि सभेत खरी रंगत आली. कोणी म्हणाले घरपट्टीची पावती बघावी. तर आळीच्या टोकाला मुंबईच्या शेठजींचा बंगला आहे. ते वर्षातून सहा दिवस येतात, पण घरपट्टी आळीत सगळ्यांत जास्त त्यांचीच आणि गाड्या चार. म्हणजे चार पास त्यांना. उलट आबांच्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या नर्सबाई, ज्या त्या रविवारी सुनेबरोबर गाडीत बसून गेल्या, त्यांच्या नावावर ना घरपट्टी ना लाइटबिल. त्या उपऱ्या. माझा मेव्हणा दर पावसाळ्यात आठ रविवार आमच्याकडे असतो. त्याला पास द्यावा की नाही ह्यावर मी मत दिले नाही. बायको समोर बसलेली होती.

अर्जाचा मसुदा वकिलांनी वाचून दाखवला. पहिलेच वाक्य होते, "आमच्या भुशी धरणावर येणाऱ्या बाहेरच्या लोकांमुळे..." तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेले मास्तर बोलले. मास्तर मूळचे महाडकडचे. म्हणाले, "'तळं आमचं, खासगी आहे' असं म्हणत आमच्याकडे लोक कोर्टात गेले होते. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि तो दावा हायकोर्टात संपायला १९३७ उजाडलं. अर्ज गाडीपुरता ठेवा. पाण्याला 'आमचं' म्हणू नका."

ओसरीवर काही वेळ कोणी बोलले नाही. वकिलांनी पेन काढून 'आमच्या' हा शब्द खोडला. ह्या मुलखात पाणी कोणाचे हा प्रश्न थट्टेत फार वेळ ठेवता येत नाही.

बाकीचा अर्ज तसाच गेला. एका कचेरीत दिला, त्यांनी दुसऱ्या कचेरीत द्यायला सांगितले. धरण रेल्वेचे, मागचे रान वनखात्याचे, शेजारी १९४५ पासून आरमाराचे आयएनएस शिवाजी, रस्ता आणखी कोणाचा, आळी आणखी कोणाची. पाणी सगळ्यांचे म्हणतात ते ठीक. अर्ज मात्र कोणाचाच नाही. चार महिन्यांनी उत्तर आले. "आपल्या पत्रातील विषय या कार्यालयाशी संबंधित नाही." खाली सही होती, ती कोणाची हे वाचता आले नाही. माथेरानचे लोक ह्या बाबतीत शहाणे. त्यांनी गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबवल्या आणि वर घोडे ठेवले. घोडा फाटकाला आडवा उभा राहिला तर निदान त्याला हाकलता तरी येते.

आबांनी हार मानली नाही. त्यांनी स्वतःच पास छापून आणले. पिवळा पुठ्ठा, वर 'स्थानिक' असे ठसठशीत अक्षर, खाली रकाने: वाहनाचा प्रकार, इंधन, उभे करण्याची जागा. मी माझा पास काचेला चिकटवला आणि चौकात हवालदाराला दाखवला. त्याने तो उलटसुलट वाचला. "छान छापलाय," म्हणाला. "लाइटबिल आहे का?"

पासांचा गठ्ठा आबांकडे पडून होता. एके दिवशी भजीवाल्या मावशी तो बघून गेल्या. मावशी भुशीकडच्याच. त्यांची टपरी धरणाच्या वाटेवर होती, २०२४ च्या पावसाळ्यात इतर टपऱ्यांबरोबर तीही निघाली. तेव्हापासून त्यांच्या हातगाडीला ठराविक जागा नव्हती. आज इथे, उद्या तिथे, परवा कोणाच्या तरी शिव्या खात आणखी कुठे. सभेला त्यांना कोणी बोलावलेले नव्हते, कारण सभा गाडीवाल्यांची होती.

"आबा, मला बी एक द्या की."

"मावशी, हा गाडीसाठी आहे."

"मंग? माझी काय बैलगाडी हाय व्हय?"

आबांनी चष्मा लावला आणि रीतसर पास भरला. वाहनाचा प्रकार: चारचाकी. इंधन: गॅस. उभे करण्याच्या जागेपाशी त्यांचे पेन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आमचे दोघांचे फाटक लागून आहे. मी म्हटले, "लिहा, दोन्ही फाटकांच्या मधे."

तेव्हापासून शनिवार-रविवारी मावशींची गाडी आमच्या दारापुढे असते. कांद्याच्या वासाने घरातला टॉवेलसुद्धा खमंग झाला आहे. मावशींना एका हाताने ती गाडी बाजूला करता येते, त्याला नऊ पोरे लागत नाहीत. आणि फाटकाला टेकायला आलेली प्रत्येक गाडी त्या झारा उगारून पुढे काढतात. परवा एक लांबलचक गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आतल्या साहेबांनी विचारले, "दोन मिनिटं लावू का?"

मावशींनी झाऱ्याने पिवळा पुठ्ठा दाखवला. "ही जागा पासवाल्यांची हाय. गाडी फुडं घ्या. आन् भजी खायची तर चालत या, तिला पास लागत न्हाई."